पॅसेंजरचा मळका टॉवेल

आमच्या ह्यांनी ससा आणला, तेव्हा मी स्वयंपाकघरात होते आणि मुद्दामच बाहेर आले नाही.

"अगं, बाहेर तरी ये. पाहुणा आलाय."

"पाहुणा चहा घेतो का?" मी आतूनच विचारलं.

"गवत घेतो."

"मग तुम्हीच वाढा."

हे चौतीस वर्षं बस चालवून गेल्या वर्षी घरी बसले. घरी बसले म्हणजे खरोखरच बसले. सकाळी उठायचं, दाढी करायची, बूट घालायचे आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसायचं. जायचं कुठेच नसायचं. समोरच्या रस्त्यावरून बस गेली की उजवा पाय जमिनीवर दाबायचे, जणू ब्रेक तिथेच आहे. मुलगी फोनवर म्हणायची, "आई, बाबांना काहीतरी नाद लाव." मी म्हणायचे, अगं, इतक्या वर्षांत मला त्यांना साधं भाजी निवडायला लावता आलं नाही, नाद कुठून लावू?

तो त्यांनी स्वतःच लावून घेतला. त्यांच्या जुन्या मार्गावर, पाण्याच्या टाकीच्या थांब्यापाशी, टाकून दिलेल्या प्राण्यांचा एक निवारा आहे. वर्षानुवर्षं त्याची पाटी बघत गेले होते. एके दिवशी उतरून आत गेले आणि अडीच महिन्यांचं सशाचं पिल्लू ठरवूनच परत आले.

मी एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत काढली. रक्त, औषधं, आणखी काय काय लागलेल्या चादरी माझ्या हाताखालून पांढऱ्याशुभ्र होऊन गेल्या. आमच्या घरात उशीचा अभ्रा आठवड्यातून तीनदा बदलतो. तिथे ससा म्हणजे केस, मूत आणि लेंड्या. मी नाही म्हटलं होतं. पण ह्यांनी पिंजऱ्याचं दार उघडलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच बूट काढून जमिनीवर मांडी घालून बसले, तेव्हा मी गप्प बसले.

"हे बघ," हे म्हणाले, "आठ दिवसांनी निवाऱ्याच्या बाई घरी येणार. पिल्लू खातंय, वजन टिकलंय, घरात रुळलंय असं दिसलं तर कागदावर सही करणार. नाहीतर परत नेणार."

"आणि मी मध्ये पडले तर?"

"तू मध्ये पडू नकोस, एवढंच."

त्या दिवसापासून ह्यांची ड्यूटी सुरू झाली. दिव्याच्या, पंख्याच्या सगळ्या वायरी उचलून भिंतीला बांधल्या, कारण ससे वायरी कुरतडतात. पाण्याला जड वाडगा शोधला, म्हणजे उलटायला नको. एक खोकं आणून त्याला लपायचं घर केलं आणि कात्रीने दोन दारं कापली.

"दोन कशाला?"

"बसला दोन दारं असतात. एक चढायला, एक उतरायला. एकच दार असेल तर पॅसेंजर घाबरतो."

म्हणून त्याचं नाव पॅसेंजर पडलं. राखाडी अंग, एक कान उभा, दुसरा जरा कलंडलेला, आणि नाक असं सारखं हलतं की जणू त्याला काही सांगायचंय पण शब्द सापडत नाहीत. त्याला उचलायचं नाही, मागे लागायचं नाही, नुसतं जवळ बसायचं, असं बाईंनी बजावलं होतं. हे बसायचे आणि हळू आवाजात आपल्या मार्गाचे थांबे म्हणायचे. "पोस्ट ऑफिस... शाळा नंबर दोन... लाकडाची वखार... पाण्याची टाकी..." शेवटच्या थांब्यापर्यंत गेले की परतीचे थांबे सुरू. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पॅसेंजर वखारीपाशी खोक्यातून बाहेर आला आणि टाकीपाशी ह्यांच्या पायाचा अंगठा हुंगून गेला. हे हललेसुद्धा नाहीत. डोळे मात्र असे चमकत होते की मी स्वयंपाकघराच्या दारातून मागे फिरले. माणसाला एवढं बघितलेलं आवडत नाही.

आता त्या टॉवेलाची गोष्ट. पॅसेंजरबरोबर निवाऱ्यातून एक टॉवेल आला होता. कधीकाळी पिवळा असावा. एक कोपरा कुरतडलेला, सगळीकडे केस, आणि वास असा की मी खिडकी उघडली. हे म्हणाले होते, "तो टॉवेल तसाच राहू दे हं." आता यांचं 'राहू दे' मी किती वर्षं ऐकतेय! पडद्यांना राहू दे, चपलांना राहू दे, शर्टाच्या कॉलरला राहू दे. यांनी राहू दे म्हटलं की ते धुवायला झालंय, असाच हिशोब माझ्या डोक्यात बसलेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी हे वाळलं गवत आणायला बाहेर गेले. मी खोक्यातून टॉवेल ओढला. उकळत्या पाण्यात भिजवला, दोनदा साबण लावला, किंचित नीळ घातली. कडक ऊन होतं, तासाभरात वाळला. दोन्ही बाजूंनी इस्त्री केली, हॉस्पिटलात करायचो तशी चार पदरी घडी घातली आणि खोक्यात ठेवला. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. मनात म्हटलं, बघ रे बाबा, तुलाही कुणीतरी नीटनेटकं ठेवणारं भेटलं.

पॅसेंजर खोक्यात गेला. टॉवेल हुंगला. मागच्या पायाने जमिनीवर धप्पकन आपटलं, पुढच्या दाराने बाहेर आला आणि थेट कपाटाखाली घुसला.

हे दुपारी आले तोवर त्याने गवताची एक काडीही तोडली नव्हती. पालकाचं पान तसंच सुकलं होतं. लघवीच्या ट्रेमध्ये एकही लेंडी नव्हती. हे कपाटासमोर पालथे झोपले, गाल फरशीला लावून.

"काय झालं रे? काल तर अंगठा हुंगलास."

आतून काही नाही. फक्त अंधारात दोन डोळे.

ह्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "सशाचं पोट बंद पडणं चांगलं नाही. संध्याकाळपर्यंत काही खाल्लं नाही, लेंडी टाकली नाही, तर लगेच घेऊन या. उद्यावर टाकू नका. घरात काही बदललंय का?"

"नाही हो, काहीच नाही," हे म्हणाले.

मी उभी होते. पदार्थ करपल्यावर जसं आधी नाकाला कळतं आणि मग डोक्याला, तसं मला तेव्हा कळलं.

"मी टॉवेल धुतला," मी म्हटलं.

ह्यांनी फोन ठेवला. खोक्यात वाकून बघितलं. चार पदरी घडी उलगडली आणि पुन्हा तशीच ठेवली.

"टॉवेलाला त्याच्या आईचा वास होता," हे म्हणाले. "भावंडांचा. नव्या घरात तेवढंच ओळखीचं होतं त्याला."

"तुम्ही असं नीट सांगितलं नाही. तुम्ही राहू दे म्हणालात."

"राहू दे म्हणजे राहू दे!"

"तुमच्या राहू देला काही अर्थ उरलाय का?"

एरवी हे तासभर भांडले असते. पण ते पुन्हा जमिनीवर बसले आणि एवढंच म्हणाले, "पाच दिवसांनी बाई येतील." त्या आवाजाने मला जास्त लागलं. मी पायात चपला घातल्या, टॉवेल पिशवीत टाकला.

"कुठे निघालीस?"

"निवाऱ्यात. आई तिथेच आहे ना त्याची? तिच्याखालचं काहीतरी मागून आणते."

"थांब. त्यांना धुतल्याचं सांगू नकोस. टॉवेल हरवला म्हण. नाहीतर म्हणतील, यांना साधं सांगितलेलं कळत नाही, पिल्लू परत द्या."

"आमच्या लाँड्रीत चादर जळली तर ती स्वतः मुकादमापुढे नेऊन ठेवायची असायची. मला दुसरं येत नाही."

"मग मेलोच आपण."

"थांबे म्हणत राहा," मी म्हटलं आणि निघाले.

निवाऱ्याच्या बाई चष्मा कपाळावर चढवून कुत्र्याची नखं कापत होत्या. मी घडी त्यांच्यापुढे ठेवली आणि जे केलं ते सगळं सांगितलं. त्यांनी टॉवेल नाकाला लावला.

"किती छान वास येतोय हो," त्या रडवेल्या आवाजात म्हणाल्या. "नीळ घातलीत?"

"थोडीशी."

"इस्त्री?"

"दोन्ही बाजूंनी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग धान्याच्या पोत्यावर बसून इतक्या हसल्या की कुत्रं भुंकायला लागलं. "सात वर्षांत लोकांनी पिल्लाला बिस्किटं चारली, आंघोळ घातली, एकाने टोपी विणली. पण टॉवेलाला इस्त्री! ती पहिली तुम्हीच." मग एकदम गंभीर झाल्या. किती वेळ खाल्लं नाही, पाणी प्यायला का, डॉक्टर काय म्हणाले, सगळं विचारलं. आत गेल्या आणि घोंगडीचा एक तुकडा घेऊन आल्या. त्याचं वर्णन मी करत नाही.

"हा नेमका आईच्या पोटाखालचा आहे. पिशवीचं तोंड फार आवळू नका. कपाटाजवळ ठेवा आणि लांब बसा. आणि आजी..."

"धुणार नाही."

"वजन मात्र मी आठव्या दिवशी करणारच. घसरलेलं दिसलं तर मला त्याला न्यावंच लागेल. तुम्ही खरं सांगितलंत तरीही."

"न्या की. ते तुमचं कामच आहे," मी म्हटलं आणि तुकडा पिशवीत ठेवला.

बसमध्ये माझ्या शेजारचा गृहस्थ आधी खिडकीकडे सरकला, मग पुढच्या सीटवर गेला. जाताना पिशवीकडे बघून म्हणाला, "मासळी का हो?" मी म्हटलं, "बाळंतिणीचं अंथरूण." मग त्याने पुन्हा वळून बघितलं नाही. आयुष्यभरात इतका घाणेरडा कपडा मी हाताळला नव्हता असं नाही, पण असा दोन्ही हातांनी मांडीवर जपून धरलेला हा पहिलाच.

घरी हे तसेच बसलेले. आवाज बसला होता. "लाकडाची वखार..." कुजबुजत होते. मी तुकडा कपाटापासून हातभर अंतरावर ठेवला आणि मागे सरून भिंतीला टेकले. फरशीवर, ह्यांच्या शेजारी. लग्नानंतर आम्ही दोघं एका भिंतीला टेकून असे कधी बसलो होतो, मला आठवेना.

पहिल्यांदा नाक बाहेर आलं. मग तो कलंडलेला कान. पॅसेंजर पोट जमिनीला घासत, मागचे पाय कपाटाखालीच ठेवून, लांब होत होत तुकड्यापर्यंत आला. हुंगला. पुन्हा हुंगला. हनुवटी त्यावर घासली. मग मागचे पायही आले, आणि त्याने नाक घोंगडीत खुपसून डोळे अर्धे मिटले. ह्यांनी माझं मनगट धरलं, बसचा दांडा धरावा तसं.

बऱ्याच वेळाने त्याने मान वळवून गवताची काडी ओढली. कुर्र, कुर्र, कुर्र. काडी आत जात होती, पेन्सिल टोकयंत्रात घालावी तशी. मग दुसरी. मग पालकाचं सुकलेलं पान. आणि दिवे लागायच्या आत, आमच्या डोळ्यांदेखत, स्वच्छ फरशीच्या मधोमध...

"अगं! एक!" ह्यांचा बसलेला आवाज एकदम फुटला. "दोन! चार! अगं, सात! सात लेंड्या!"

"हळू, घाबरेल तो!"

"सात गं!" हे कुजबुजत नाचले. आमची मुलगी नोकरीला लागली तेव्हाही इतके नाचले नव्हते. मग डॉक्टरांना फोन करून आकडा सांगितला. डॉक्टरांनी अभिनंदन केलं. मी त्या सातही लेंड्या हाताने उचलल्या आणि मला त्यात काही घाण वाटली नाही, हे मी कुणाला सांगितलं नाही.

पुढचे दिवस माझी परीक्षा होती. तो तुकडा रोज जास्त मळत होता आणि मी रोज त्याच्याजवळून हात मागे बांधून जात होते. हे म्हणायचे, "बघते आहे, बघते आहे, साबणाकडे नजर गेली!" मी कणीक मळतानासुद्धा फरशीवर बसायला लागले. सहाव्या दिवशी पॅसेंजरने माझ्या घोट्याला नाकाने ढुशी दिली, बाजूला हो म्हणाल्यासारखी. मी बाजूला झाले. माझ्याच स्वयंपाकघरात.

आठव्या दिवशी बाई वजनकाटा घेऊन आल्या. हे सकाळपासून तीन शर्ट बदलून बसले होते. पॅसेंजर काट्यावर बसला, काटा हलला, थांबला. बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"वाढलंय," म्हणाल्या. "पण रुळलाय का ते बघायचंय. बसू या."

आम्ही तिघं जमिनीवर बसलो. पॅसेंजर खोक्याच्या मागच्या दारातून गेला, पुढच्यातून बाहेर आला. मग काय वारं भरलं कुणास ठाऊक, खोलीभर धावत सुटला, हवेत उडाला, अंग एकीकडे आणि पाय दुसरीकडे फिरवले, पडला, पुन्हा उडाला. आणि आमच्या मधोमध येऊन धाडकन आडवा कोसळला. पाय लांब, पोट वर, हालचाल बंद.

"गेला!" हे ओरडले. चेहरा पांढराफटक. "अहो बाई, गेला तो! हृदय बंद पडलं!"

"शू," बाई म्हणाल्या. "झोपलाय."

"असा?"

"असाच. ससा पोट उघडं टाकून झोपतो ते फक्त आपल्या घरात. परक्या जागी मरेल पण असा आडवा होणार नाही." त्यांनी पिशवीतून कागद काढला, गुडघ्यावर ठेवला आणि सही केली. पेनाचा आवाज झाला तरी पॅसेंजर हलला नाही. कलंडलेला कान तेवढा एकदा उडाला.

ह्यांनी कागद घेतला, वाचला नाही, नुसता छातीशी धरला. मला वाटतं त्यांना शिंक येत होती. किंवा दुसरं काहीतरी.

चहा टाकायला मी उठणार, तर हे म्हणाले, "हलू नकोस. उठेल तो." म्हणून कुणीच उठलं नाही. बाईंचा पाय मुंग्यांनी भरला, त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून हळूच दुसरीकडे ठेवला. दारावरची बेल वाजली, पुन्हा वाजली. शेजारीण असावी. आम्ही तिघं ओठांवर बोट ठेवून एकमेकांकडे बघत हसत राहिलो, आणि मधे पॅसेंजरचं पांढरं पोट वर खाली होत होतं.