जादा मजुरी

दीक्षानं ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, हीच तिची चूक. तिच्या आधी शोरूममधल्या वॉरंटी क्लार्कच्या खुर्चीवर बसलेल्यांनी त्याच्यावर फक्त चहाचे कप ठेवले होते.

पुस्तक गाड्या बनवणाऱ्या कंपनीचं. वॉरंटीतल्या गाडीचं काम शोरूमनं गिऱ्हाइकाला फुकट करून द्यायचं आणि मजुरी कंपनीकडून मागून घ्यायची. कुठल्या कामाला किती, ते सगळं त्यात. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की बोल्ट गंजून जाम झाला असेल, तापवून कापावा लागला असेल, तर त्या वेळेची जादा मजुरी वेगळी मिळेल. मागितली तर. उचगाव फाट्यावरच्या हंबीररावाच्या शोरूमनं ती कधीच मागितली नव्हती. आणि तिथं तर मालवण-रत्नागिरीकडच्या जीपा यायच्या, खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेल्या. नव्या गाडीचे बोल्टसुद्धा असे धरून बसायचे की पान्याचं तोंड फाटायचं.

दीक्षानं मागितली. मिळाली. मग मागच्या राहिलेल्याही हुडकून काढल्या, त्याही मिळाल्या. हंबीररावानं पेढे वाटले.

"पोरगी न्हवं ही, बोअर हाय बोअर! खडकातनं पाणी काडलं!" असं ओरडत तो वर्कशॉपभर फिरला. मग तिच्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाला, "तुमची लोकं शिकली की लय बारकाईनं शिकत्यात बघ."

दीक्षा हसली. असलं बोलणं ऐकून हसायचं कसं, हे तिच्या गावी गडमुडशिंगीत त्यांच्या गल्लीतल्या पोरी शाळेतच शिकतात.

"आबासाहेब, एक अडचण हाय," ती म्हणाली. "हे बोल्ट सगळे आमचा प्रसेनजीत काढतोय. कंपनीला ट्रेनिंग झालेल्या मेकॅनिकचं नाव लागतंय."

"मग विजयसिंहाचं टाक की! त्येचं सर्टिफिकीट फ्रेम करून लावलंय ते काय हार घालायला?"

विजयसिंह हंबीररावाचा पुतण्या. पुण्याला जाऊन कंपनीचं ट्रेनिंग करून आला आणि आल्यापासून काउंटरवर बसून गिऱ्हाइकांना चाव्या द्यायला लागला. ग्रीसच्या वासानं त्याचं डोकं उठायचं. प्रसेनजीत दीक्षाचा धाकटा भाऊ. आयटीआय झालेला, पण रोजंदारीवर. ट्रेनिंगला 'आपला माणूस' जातो, आणि आपला म्हणजे कोण हे शोरूममध्ये कुणी कुणाला विचारत नसे.

"पुढच्या बॅचला प्रसेनजीतला धाडा," दीक्षा म्हणाली. "पर्मनंट करा. मग त्येचंच नाव लावू."

"धाडतो की. तवर तू लिवत ऱ्हा."

तिनं लिहिलं. क्लेमवर सही करायचा अधिकारही मागून घेतला. हंबीररावाला सह्यांचा कंटाळाच होता, त्यानं आनंदानं दिला. एका क्लेमची कॉपी तिनं घरी नेऊन बापाला, भाऊसोला, दाखवली. त्यानं कारखान्याच्या पगाराला जन्मभर अंगठा लावला होता. त्यानं पोरीच्या सहीवरनं नुसतं बोट फिरवलं, किती तरी वेळ.

निघालेला जुना पार्ट धुवायचा, मेकॅनिकच्या नावाची चिठ्ठी बांधायची आणि कंपनीचा माणूस येऊन बघेपर्यंत फडताळात ठेवायचा, असा नियम. पार्ट तेलकट चालत नसे. कार्बनची कॉपी पुसट चालत नसे. "नीट दाबून लिवा रं!" दीक्षा मेकॅनिकांवर खेकसायची. "पुसट उठलं की कंपनी क्लेम नाकारती!" प्रसेनजीत कमरेवर हात ठेवून तिची नक्कल करायचा, "नाकारती गं बया, नाकारती!" आणि सगळं वर्कशॉप खिदळायचं. तीसुद्धा.

दोन हजार तीन सालच्या पावसाळ्यात मालवणची एक जीप आली. पुढच्या चाकाच्या आतला बोल्ट जाम. लिफ्टवर हंबीररावाच्या व्याह्याची गाडी धुवायला चढवलेली. ती खाली घ्या म्हणायची छाती कुणाची? प्रसेनजीतनं जीप साध्या जॅकवर घेतली. बोल्ट गॅसनं लाल केला, घण घातला. निघेना. परत तापवला, परत घातला. शेवटी बोल्ट निघाला आणि त्याच हादऱ्यानं जॅक सरकला. चाकाचं सगळं धूड त्याच्या उजव्या हातावर बसलं.

पिराजी मेकॅनिकनं त्याला उचलून रिक्षात घातलं, तेव्हा दोन बोटं हातावर नव्हती. फरशीवर कुणीतरी भुसा टाकला. भुसा झाडून गटारीत गेला, त्यातच बोटंही गेली असणार. हुडकली कुणी नाहीत.

बोल्ट मात्र हुडकला.

दीक्षा दवाखान्यात निघाली होती, पर्स खांद्याला. हंबीरराव म्हणाला, "जा की, जा. भावाजवळ बस. तेवढं त्या बोल्टाचं बघून जा. लय जाम हुता म्हणं. लय टाईम लागला असंल न्हवं?"

तिनं बोल्ट रॉकेलच्या डब्यात टाकला. तेल सुटलं, रक्त सुटेना. रॉकेलनं रक्त निघत नाही. ते तारेच्या ब्रशनं खरवडावं लागतं. तिनं खरवडलं. चिठ्ठी बांधली, मेकॅनिक विजयसिंह. क्लेम लिहिला, खाली सही. हाताला सवय असते, भाऊ नसतो. मग ती दवाखान्यात गेली आणि प्रसेनजीतच्या पायाशी बसून रडली.

जादा मजुरी पूर्ण मंजूर झाली.

प्रसेनजीतनं नुकसानभरपाईचा अर्ज केला. हजेरीत त्याचं नाव नव्हतं, पगाराची पावती नव्हती. त्याच्याजवळ फक्त हात होता. कामगार खात्याचा साहेब चौकशीला येणार, त्याच्या आदल्या दिवशी हंबीररावानं दीक्षाला केबिनमध्ये बोलावलं.

"सायेब इचारंल, त्या जीपवर कोण हुतं. काय सांगशील?"

"खरं हाय ते."

"सांग की. मग कंपनी इचारंल, आजपातूर विजयसिंहानं किती बोल्ट काडलं? एक बी न्हाई. म्हंजे समदं क्लेम खोटं. सही कुणाची हाय त्येच्यावर? माझी एक तर दाव."

दीक्षानं समोरची क्लेमची फाइल उलटली, पानापानावर तिचीच सही.

"तुलाच लय हौस सहीची. फसवणुकीची केस हुती, पोरी. ह्यो हातानं थोटा, तू जेलात. म्हाताऱ्याला कोण घालणार खायाला?" त्यानं पान तोंडात सारलं. "आन् प्रसेनजीतला मी वाऱ्यावर सोडतोय व्हय? राखणदार म्हणून ठिवतो की. शिट्टी फुकाय बोटं लागत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी साहेब आला. चहा झाला. प्रसेनजीत पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन समोर बसला. बाजूला विजयसिंह, पायात पांढरे बूट.

"हा म्हणतो बोल्ट मी काढला. कागद म्हणतो विजयसिंहानं," साहेब म्हणाला. "कागदावर सही तुमची आहे बाई. त्या जीपवर कोण होतं?"

प्रसेनजीतनं निवांत मान वर केली. आक्का होती ना.

दीक्षा फडताळाकडं बघत म्हणाली, "विजयसिंह."

प्रसेनजीत आधी हसला. चेष्टा वाटली त्याला. मग उठला, डाव्या हातानं फडताळातला तो बोल्ट काढला आणि साहेबापुढं धरला. "ह्येच्यावर माझं रगात हाय सायेब, बघा." बोल्ट लखलखीत होता. त्यानं तो फिरवून बघितला, नाकाला लावला.

"कुणी धुतला?"

तो बहिणीकडं वळला.

"आक्का, तू धुतलास?"

"कंपनीचा नियम हाय," दीक्षा म्हणाली.

"आता कसं," हंबीरराव म्हणाला, "तू अर्ज रेटलास तर आक्का खोटी पडती, आन् आक्का खोटी पडली की जेलात जाती. माग घे अर्ज आन् उद्यापासनं गेटवर ये. सायेब पावण्यांना बी लांब जायाचंय."

साहेबानं अर्ज मागं घेतल्याचा कागद पुढं सरकवला. प्रसेनजीतनं डाव्या हातात पेन धरलं. पेन घसरलं. परत धरलं, कागदावर नुसतं गिचमिड उठलं.

"अंगठा चालेल," साहेब म्हणाला.

शिक्क्याचं पॅड दीक्षाच्या टेबलावर होतं. ती घेऊन आली. भावाचा डावा अंगठा तिनं शाईत बुडवला आणि कागदावर आणून ठेवला.

"नीट दाब, आक्का," प्रसेनजीत म्हणाला. "पुसट उठलं की कंपनी क्लेम नाकारती."

तिनं दाबला. अंगठा स्वच्छ उठला, रेघ न् रेघ.