आईचा घास

आईने भोपळ्याचा घास ताटलीत थुंकला, "कडू आहे" म्हणाली आणि थोड्या वेळाने गेली.

असं काहीही झालेलं नाही. आई पोटभर जेवली आणि झोपेत गेली, असं घरात ठरलेलं आहे. थोरली मुलगी, ताई, भेटायला येणाऱ्यांना तेच सांगते, आणि तेही मान हलवून चहा घेतात. तेव्हा जे झालंच नाही ते कसं झालं, एवढंच सांगायचं राहतं.

आईचा धाकटा मुलगा शिंपी. सगळे त्याला मास्तर म्हणत. गल्लीतल्या निम्म्या पँटी त्याने आत घेतल्या होत्या आणि मालकांची पोटं सुटल्यावर पुन्हा सैल करून दिल्या होत्या. आईने अंथरूण धरलं तेव्हा परसातला भोपळा त्याच्या गळ्यात पडला. बुटका, हिरव्या पट्ट्यांचा, माळ्यावर ठेवला की थंडीत गोड होणारा. बियाणं आईच्या आजीपासून चालत आलेलं. कुणी चार बिया मागितल्या, तर आई त्याच्याकडे किडनी मागितल्यासारखी बघायची.

हे बियाणं शुद्ध ठेवायचं तर नर आणि मादी, दोन्ही फुलांची तोंडं संध्याकाळी दोऱ्याने बांधायची. सकाळी सोडून नराचा पराग मादीवर चोळायचा आणि तिचं तोंड पुन्हा बांधायचं. कारण शेजारच्या काकूंच्या कुंपणावर शोभेचे भोपळे होते, दिसायला दागिने आणि चवीला विष. मधमाश्या दोन्हीकडे जायच्या.

"दोन्ही बांध हं," आईने पलंगावरून बजावलं होतं.

"आई, मी काज करतो काज! फूल बांधायला काय लागतं?"

बांधली त्याने, रेशमी दोऱ्याने, सुबक गाठ मारून. हे मागच्या वर्षी. त्या भोपळ्याच्या बिया यंदा लावल्या. वेल पसरला, फळं धरली, पट्टे तसेच. आई मात्र उतरत गेली. डॉक्टर म्हणाले, मागतील ते द्या. तिने भोपळा मागितला.

मास्तरने तो चिरला, ओव्हनमध्ये उपडा ठेवून साल सुरकुतेपर्यंत भाजला, गर लोण्यात घोटला. चाखला मात्र नाही. मोसमातला पहिला घास आईचा, हा घरातला एकमेव कायदा होता.

"कडू आहे," आई म्हणाली.

"औषधांनी तोंड कडू झालं असेल गं," ताई म्हणाली.

मास्तरने चमचा चाटला. औषधांचा काही दोष नव्हता.

"मागच्या वर्षी कुठली फुलं बांधलीस?" आईचा आवाज एकदम ठणठणीत झाला.

"लांब देठाची. सरळ, देखणी."

"आणि आखूड देठाची? मागे फुगवटा असलेली?"

"त्यांना सूज आली होती. म्हटलं, आजारी फुलांना कशाला त्रास?"

"ती सूज म्हणजे भोपळा होता, गाढवा! नवऱ्याला बांधून ठेवलंस आणि नवरी सोडलीस वाऱ्यावर."

ताईला हसू फुटलं. तिने पदर तोंडात कोंबला.

"जुनं बियाणं आहे ना थोडं?" आईने विचारलं.

"आहे ना. डब्यात आहे," ताई म्हणाली.

"आण बघू डबा."

कुणीच उठलं नाही. जुनं बियाणं मास्तरने मागच्याच वर्षी सगळं पेरलं होतं. हात आखडता कशाला घ्या, म्हणून.

आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. "आता आजीला तोंड कसं दाखवू?" एवढंच म्हणाली. त्यानंतर ती कुणाशी बोलली नाही, आणि अंधार पडायच्या आत तो प्रश्न घेऊन गेली.

भेटायला येणाऱ्यांची सोय ताईने पोटभर जेवणाच्या गोष्टीने लावली होती. मास्तरला त्याने भागेना. आठवडाभराने तो मृत्यूनोंदणीच्या खिडकीशी उभा राहिला.

"दुरुस्ती कशात?" कारकुनाने विचारलं.

"वेळेत."

"चुकीची पडलीय?"

"नाही. बरोबर पडलीय, तीच तर अडचण आहे."

कारकुनाने त्याच्याकडे नीट पाहिलं. "लेखी द्या," तो म्हणाला आणि खिडकी लावून घेतली.

मास्तरने तिथल्याच बाकावर बसून, शिवणीसारख्या सरळ ओळींत लिहिलं: "अर्जदाराच्या आईचा मृत्यू आपल्या दप्तरी जेवणानंतर नोंदवला गेला आहे. तरी सदर मृत्यू जेवणापूर्वीच झाल्याची नोंद करून त्याची अंमलबजावणी मागील तारखेपासून व्हावी, आणि तसे मयत व्यक्तीस कळवण्यात यावे, ही नम्र विनंती."