कुसुमचे सहा शनिवार

सौसरच्या आमच्या व्यायामशाळेत शनिवारी सराव नसे, परीक्षा असे. मारुतीचा वार म्हणून आदल्या पिढीपासून चालत आलेली रीत होती. एकेकाने बाकावर उताणे पडायचे, वजनाचा आकडा मोठ्याने सांगायचा आणि बार छातीवर टेकवून वर ढकलायचा. जमले तर टाळ्या. जो आकडा सांगणार नाही, तो भित्रा.

१९८६च्या त्या पावसाळ्यात कुसुम सोमकुवर रामाकोन्याहून सायकलने येई. वय सतरा. दिवाळीनंतर छिंदवाड्याला जिल्ह्याच्या संघाची निवड होती आणि तिच्या गटात पन्नास किलो उचलण्याची अट होती. कुसुम चाळीसवर अडकली होती. आमच्याकडची सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची, दोन्ही बाजूंना मिळून पाच वाढत. म्हणून ती दर शनिवारी पंचेचाळीस मागायची. पाच शनिवार झाले, बार अर्ध्यावरून परत येत होता.

"गुर्जी, माह्या अंगात जोरच नाही का?" तिने विचारले.

"जोर आहे. तो तू दर शनिवारी उधळून राहिली. अंगातला थकवा जायच्या आत पुन्हा परीक्षा. मग शिकणार कधी?"

"मग काय करू?"

"सहा शनिवार आकडा सांगायचा नाही."

ती हळूच म्हणाली, "लोक हसतीन जी."

"हसू दे."

मी लोहाराकडून सव्वा किलोच्या दोन प्लेटा कापून आणल्या आणि किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून घेतल्या. मंगळवार आणि शुक्रवार ठरले. पहिल्या आठवड्यात तीस किलो, पाच-पाच वेळा, पाच खेपा. पुढे दर आठवड्याला अडीच किलो. बार छातीला टेकला की मी 'हं' म्हणेपर्यंत तिने थांबायचे, कारण स्पर्धेत पंच तसेच थांबवतात. पहिल्या दिवशी तिला वाटले, मी तिला लहान मुलीचे वजन दिले. तिसऱ्या खेपेला तिचे हात थरथरायला लागले आणि ते वाटणे संपले.

शनिवारी ती भिंतीला टेकून बसे. कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणारा गजानन नव्वद उचलायचा आणि बोलायचाही तेवढेच.

"काय वं कुसुम, आजही उपास हाय का?"

"तू जेव ना भाऊ पोटभर. मी पाहून राहिली."

चौथ्या शनिवारी त्याने स्वतःच बारवर पंचेचाळीस चढवले. "हे घे, तुह्यासाठी मांडलं. ये आता."

सगळे तिच्याकडे पाहू लागले. ती उठली. मला वाटले, गेली आता महिन्याची मेहनत. थांब म्हणावेसे वाटत होते, पण ते तिनेच ठरवायला हवे होते. ती बारपाशी गेली, एकेक प्लेट काढली आणि जागेवर नेऊन ठेवली.

"मंगळवारी मले चाळीस हाय," ती म्हणाली. "पाच वेळा."

"पाच वेळा?" गजानन हसला. "एकदा तं पंचेचाळीस होत नाही तुह्याच्यानं."

मंगळवारी तो मुद्दाम पाहायला आला. शेवटच्या खेपेत पाचव्या वेळी बार फार सावकाश गेला, पण वर गेला. गजानन बार धरायला दोन पावले पुढे आला होता, तसाच मागे सरला.

सहा शनिवार तसेच गेले. दिवाळीनंतर छिंदवाड्याला तिने पहिल्या संधीत पंचेचाळीस सहज उचलले. दुसरीला पन्नास. बार छातीवर आला आणि पंचाचा इशारा व्हायच्या आत तिने घाईने ढकलला. तो वर गेला, पण तिन्ही पंचांचे लाल झेंडे उठले, म्हणजे बाद.

"वजन गेलं ना जी वर," ती म्हणाली. डोळे भरले होते.

"गेलं. म्हणूनच तेच पुन्हा माग. फक्त थांब."

तिसरी संधी शेवटची होती. बार खाली आला. ती थांबली, इतकी की मलाच श्वास घ्यावासा वाटला. इशारा झाला. बार मध्ये रेंगाळला, डावी बाजू मागे राहिली, मग दोन्ही हात सरळ झाले. दोन पांढरे झेंडे, एक लाल. दोन पुरत होते. कुसुम संघात गेली.

बाकावरून उठताच तिने विचारले, "तो एक जण काऊन नाही म्हणून राहिला?"

"डावा हात उशिरा पोचला."

तिने डावा हात वर करून कोपरापासून मनगटापर्यंत नीट पाहिला. "खरं हाय," ती म्हणाली. "याच्यावर काम करा लागन."