क्लचवरचा पाय

ड्रायव्हिंग स्कूलची गाडी बंद पडली की गाडीकडे कुणी बोट दाखवत नाही. दोष कायम शिकणाऱ्याचा. घरातल्या धाकट्या सुनेचं, धाकटीचं, तेच झालं. स्कूल तिच्या थोरल्या नणंदेचं, म्हणजे ताईंचं. पंधरा वर्षं शिकवत होत्या, त्यामुळे त्यांचं कधी चुकतच नसे. तीन आठवडे शेजारी बसून त्यांनी एकच धोशा लावला होता, "क्लच! अगं, क्लच! पाय आहे की ओंडका?"

धाकटी म्हणे, "ताई, बंद पडायच्या आधी तो इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा एकदम शून्यावर येतो."

"काटा कसला बघतेस? रस्ता बघ!"

घरी नवऱ्यानं जेवताना यावर विनोद केले. सासरे ठसका लागेपर्यंत हसले.

हसणाऱ्यांचं काय जातंय? एका लॅबनं धाकटीला रक्ताचे नमुने पोचवायचं काम देऊ केलं होतं. लग्नानंतरचं तिचं पहिलं काम. अट एकच, शुक्रवारपर्यंत लायसन्स हवं. आज बुधवार, आणि आज परीक्षेत गाडी चौकात तीनदा बंद पडली. परीक्षा घेणाऱ्या आरटीओच्या साहेबांनी मानही वर न करता लिहिलं, 'क्लचवर ताबा नाही.' नापास.

परतताना स्टिअरिंग ताईंनी घेतलं. पुलाच्या चढावर गाडी त्यांच्याही हातात बंद पडली.

"तापली असेल," ताई म्हणाल्या.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वा! तुमच्या हातात बंद पडली की गाडी तापली, आणि माझ्या हातात पडली की मी ओंडका? मेकॅनिककडे घ्या गाडी. आत्ताच्या आत्ता!"

मेकॅनिकनं सवयीनं ताईंनाच विचारलं, "काय होतंय?" ताईंनी धाकटीकडे बघितलं. मग धाकटीनं काट्याचं सांगितलं. त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"हे आधी कुणी सांगितलं का नाही?"

त्यानं तपासायचं यंत्र जोडलं आणि इंजिन चांगलं तापू दिलं. वीस मिनिटांनी काटा खाली आला, पाठोपाठ इंजिन बंद.

"क्रँक सेन्सर गेलाय," तो म्हणाला. "इंजिन फिरतंय ही खबर हा देतो. तापला की याची वाचा बसते. मग गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं इंजिन थांबलं, आणि तो पेट्रोल बंद करतो. क्लचचा काडीचाही संबंध नाही."

नवा सेन्सर बसेपर्यंत ताई खाली मान घालून उभ्या होत्या. "चुकलंच गं माझं. पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षा देऊ."

"पुढच्या महिन्यात ते काम दुसऱ्या कुणाचं झालेलं असेल!"

तिनं मेकॅनिककडून सगळं कागदावर लिहून, सही करून घेतलं. मग जाऊन सरळ ड्रायव्हरच्या सीटवर बसली.

"साहेबांचं ऑफिस पाचपर्यंत उघडं असतं. उद्याच पुन्हा परीक्षा घ्या म्हणून सांगायचं. बसा. तिथं मी तोंड उघडणार नाही. ताई, तीन आठवडे माझ्यावर जेवढ्या मोठ्यानं ओरडलात ना, तेवढ्याच मोठ्यानं तिथं सांगायचं, चूक कुणाची होती ते."

ताईंनी निमूटपणे पट्टा लावला.