मापकाठीचे उजवे शिंग

मी एक जुनी लोखंडी मापकाठी आहे, मित्रांनो, आणि मी तीन वर्षे खोटे बोलले. मुद्दाम नव्हे. पण ज्या मुलीला त्याचे भोगावे लागले, तिला या फरकाचा काय उपयोग?

खडीच्या खाणीवर फोरमन असलेल्या एका माणसाने मला घराच्या मागच्या अंगणात तयार केले. पाण्याच्या नळाचे दोन तुकडे त्याने घेतले, एक जाड आणि एक बारीक. बारीक तुकडा जाड तुकड्यात अलगद सरकेपर्यंत कानशीने घासला. घट्ट करायला वर एक स्क्रू बसवला. आकडे वाचायला मधोमध स्टीलची पट्टी जोडली. मग दोन्ही टोकांना गुडघ्याच्या उंचीची एकेक सळई उभी वेल्ड केली. घरात त्या सळयांना सगळे माझी शिंगे म्हणत.

त्या घरात एक जुनी जीप होती. दगडधोंड्यांतून चढणाऱ्या गाडीची पुढची चाके खड्ड्यांत आपटून हळूहळू फिरतात. कधी एकमेकांकडे फार बघू लागतात, कधी रुसल्यासारखी बाहेर तोंड करतात. मग टायर खोडरबरासारखे झिजतात आणि गाडी एका अंगाला ओढते. म्हणून फोरमन दर दोन महिन्यांनी घरीच माप घेई. चाक जॅकवर उचलून फिरवी आणि फिरत्या टायरवर खिळा धरून मधोमध बारीक रेघ काढी. गाडी खाली उतरवून चार पावले पुढे-मागे ढकली. "तिला नीट बसू दे आधी," असे तो जीपबद्दल म्हणे, जणू दारी पाहुणी आली आहे. मग मला चाकांच्या मागे ठेवून शिंगांची टोके दोन्ही रेघांवर आणायची आणि आकडा वाचायचा. नंतर तेच चाकांच्या पुढे. पुढचा आकडा मागच्यापेक्षा दोन मिलिमीटरने कमी हवा. तसा नसला तर दोन्ही चाकांना जोडणारा खालचा टाय रॉड पान्याने फिरवायचा आणि पुन्हा मोजायचे.

माझे डावे शिंग फोरमन धरी. उजवे शिंग त्याची मुलगी धरी. ती तेव्हा कॉलेजात होती. जुनी चादर अंथरून ती पोटावर पालथी पडे आणि श्वास रोखून टोक रेघेला लावी. फोरमन तिला 'मिलिमीटर' म्हणत असे.

"मिलिमीटर, झोपलीस की काय तिकडे?"

"टेकलंय कधीचं. तुम्हीच चष्मा शोधताय."

"मागे तेराशे चार. पुढे... तेराशे दोन."

"बरोबर?"

"बरोबर."

तो एवढे एकच बोले. पण त्या शब्दावर ती दिवसभर गुणगुणत फिरे. मित्रांनो, माझ्या सुखाचे दिवस तेच. काम झाले की फोरमन मला तेलाच्या फडक्याने पुसून भिंतीवरच्या दोन खिळ्यांवर आडवी ठेवी.

पुढे तिला टेकडीवरच्या शाळेत नोकरी लागली. सहा किलोमीटरचा चढ, बस नाही. फोरमन म्हणाला, "जीप घेऊन जात जा. पण वाकड्या गाडीत मी तुला बसवणार नाही. रविवारी तू माप धर, बरोबर आलं की चावी तुझी."

शनिवारी तिचा थोरला भाऊ मित्रांबरोबर जीप घेऊन नदीच्या पात्रात गेला. भिंतीवरून मलाही त्याने गाडीत टाकले होते. चाकामागे दगड अडकला, तेव्हा त्याने माझे उजवे शिंग दगडाखाली घातले आणि सगळा भार देऊन मला पहारीसारखे वापरले. दगड निघाला. शिंगाच्या मुळाशी, वेल्डिंगमध्ये, केसासारखी चीर गेली. त्याने ती पाहिली. घरी येऊन त्याने तिच्यावर काळा रंग फासला, रंग वाळेपर्यंत फुंकर घातली आणि मला खिळ्यांवर ठेवले.

रविवारी मागे तेराशे चार आले. पुढे तेराशे नऊ. टाय रॉड फिरवला. पुढे बाराशे अठ्ठ्याण्णव. चीर गेलेले शिंग जोराने दाबले की झुकत होते, आणि मुलगी चावीच्या आशेने जीव तोडून दाबत होती.

"हात हलतो तुझा," फोरमन म्हणाला.

"नाही हलत, बाबा."

"मग काय चाक हलतं?"

भाऊ पायरीवर चहा पीत बसला होता. म्हणाला, "अगं, फळ्यावर तरी रेघ सरळ मारता येते ना तुला?"

दुपार होईस्तोवर फोरमनचा पारा चढला. त्याने शेजारच्या शिंप्याला हाक मारली. शिंप्याला पांढऱ्या शर्टाची काळजी. त्याने मला दोन बोटांत, मेलेला उंदीर धरावा तसे धरले. दाब नाही, म्हणून शिंग झुकले नाही. टाय रॉड पुन्हा फिरवल्यावर तेराशे चार आणि तेराशे दोन आले.

"बघ," फोरमन मुलीला म्हणाला. "शिंप्याला जमतं."

चावी भावाला मिळाली.

त्यानंतर तीन वर्षे ती सहा किलोमीटर चढली आणि सहा उतरली. दर दोन महिन्यांनी ती एकदा माप धरायची संधी मागे. दर वेळी आधीपेक्षा जास्त जोर लावी, आणि दर वेळी मी तिला खोटे पाडी. "आली आमची सेंटिमीटर," असे फोरमन पाहुण्यांसमोर म्हणू लागला. पाहुणे हसत. हळूहळू तिलाही ते पटले. मी तिला संध्याकाळी अंगणात एकटीच हात समोर ताणून बोटांकडे बघत बसलेले पाहिले आहे.

मग माप धरणारा शिंपी दुसऱ्या गावी गेला आणि फोरमनची किडनी बिघडली. हॉस्पिटल दोन तासांवर होते. भावाने जीप दामटून दामटून पुढचे टायर तारांपर्यंत झिजवले होते. तो म्हणाला, "ही गाडी डावीकडे ओढते. बाबांना घेऊन खड्ड्यात जाऊ का? मी नाही नेणार."

मुलीने उसने टायर आणून बसवले. मग मला खाली काढून रॉकेलने धुवायला घेतले. काळ्या रंगाची खपली तिच्या नखात आली. तिने चीर पाहिली. शिंग दाबले, ते झुकले. सोडले, ते सरळ झाले. असे तिने बऱ्याच वेळा केले.

मला घेऊन ती फोरमनच्या खाटेपाशी गेली. भाऊ दारात उभा होता.

"बाबा, हात हलत नव्हता. शिंगाला चीर होती. रंगाखाली. हे बघा."

फोरमनला दिसत कमी होते. त्याने अंगठा मुळाशी फिरवला. त्याच्या अंगठ्याला सगळे कळत असे, हे मला माहीत होते.  त्याने एकदा दाराकडे बघितले. मग म्हणाला,

"तूच पाडली असशील कधी."

भाऊ काही बोलला नाही. मीही नाही. मला तोंड नव्हते. त्याला होते.

मुलगी अंगणात परत आली. तिने मला जीपच्या मागच्या भागात टाकले आणि दोरीचे बंडल काढले. चार कोपऱ्यांना चार स्टुले ठेवून गाडीच्या दोन्ही अंगांना एकमेकींशी समांतर दोऱ्या ताणल्या. दोरीपासून चाकाच्या पुढच्या कडेपर्यंत आणि मागच्या कडेपर्यंत साध्या पट्टीने मोजले. मोजायची, खाली शिरायची, टाय रॉड थोडा फिरवायची, गाडी पुढे-मागे ढकलायची, पुन्हा मोजायची. एकटीच. अंधार पडायच्या आत दोन मिलिमीटर आले. तिने नट आवळले आणि हात धुतले.

सकाळी तिने बापाला पुढच्या सीटवर बसवले. सपाट रस्ता लागला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, बघा." तिने दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले. जीप सुतासारखी सरळ चालत राहिली. तिचे हात हवेत होते आणि जराही हलत नव्हते.

फोरमनने हातांकडे बघितले. मग पुढे बघितले.

"रस्ताच सरळ आहे," तो म्हणाला. "हात ठेव."

चौथ्या दिवशी तो हॉस्पिटलमध्येच वारला.

बातमी कळल्यावर भाऊ तिथे आला होता, आणि परतताना तोच गाडी चालवत होता. ती मागे माझ्याजवळ बसली होती. थोड्या वेळाने भाऊ म्हणाला, "काय सरळ चालते गं! बाबांचा हात तो बाबांचा हात."

"मी केलंय ते," ती म्हणाली. "दादा, शिंग तू मोडलंस ना?"

"आज काढायची गोष्ट आहे का ही?"

"हो की नाही?"

"मोडलं असेल. म्हणून काय झालं? बाबा तुला चावी देणारच नव्हते. मला आधीच म्हणाले होते."

मित्रांनो, हे खरे होते की खोटे, मला माहीत नाही. तसे बोलणे झाले असेल, तर मी तिथे नव्हते. ज्याला हे विचारायचे तो माणूस आता उत्तर देणार नव्हता. उरलेला सगळा रस्ता ती खिडकीबाहेर बघत राहिली.

तुमच्या घरी मोजायच्या वस्तू असतील, पट्टी, वजनकाटा, माझ्यासारखी एखादी काठी. त्यांनी दगड उचकटू नका. आणि तुमच्या हातून काही मोडलेच, तर त्याच दिवशी सांगा. रंग लावू नका. ओरडा बसेल, एखादी थप्पडही बसेल. पण ज्याला सांगायचे तो ऐकतो आहे, तोवरच सांगण्याला अर्थ असतो.