पासलीच्या पेटीवरचा दिवा

केबलचं पलीकडचं टोक जिवंत आहे की नाही, हे पेटीतल्या चिपला कळतं आणि ती एका पिनवर तसा इशारा देते. मायानं हिरवा दिवा त्याच पिनला जोडला होता. केबल तुटली की दिवा विझणार, इतकं सरळ.

भोरजवळ महामार्गालगतच्या शेडमध्ये स्वरूप सरांचा छोटा कारखाना होता आणि बोर्डांची सगळी रचना मायाची. वेल्ह्याच्या डोंगरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी बसवायला चाळीस पेट्या हव्या होत्या. दुखलं-खुपलं की बटण दाबायचं, वेल्ह्याच्या दवाखान्यात घंटा वाजायची, डॉक्टरची गाडी निघायची. पण चाचणीतच केबली दगा द्यायला लागल्या, दिवे विझायला लागले.

"दिवा विझला की लोक फोन करतात," सर म्हणाले. "सरळ सप्लायवर जोड, वीज आहे तोवर पेटलेलाच राहील."

"मग केबल तुटलेली कळणार कशी?"

"कुणाला कळायला हवीय?"

माया दोन दिवस धुसफुसली. मग चाळीसही बोर्डांवरचा, पिनेकडून दिव्याकडे जाणारा तांब्याचा ट्रॅक तिनंच ब्लेडनं खरवडला, सप्लायपासून दिव्यापर्यंत चाळीस तारा सोल्डर केल्या आणि पेट्या घरोघरी बसल्या.

भाद्रपदात पासली गावचे दादू गेले. बटण दाबूनही गाडी आली नाही, अशी कुजबुज सुरू झाली. सरांनी एक छापील कागद आणि शाईची डबी देऊन मायाला धाडलं.

तिनं दारातच जयभीम घातला. आपल्यातली पोर म्हणून दादूंच्या पारूबाईंनी तिला घोंगडीवर बसवलं, कोरा चहा दिला. माया पेटीमागं वाकली. केबल उंदरांनी कुरतडली होती, नुसती लोंबत होती. दिवा हिरवागार.

"दुपारी ह्यांच्या छातीत कळ आली," पारूबाई म्हणाल्या. "म्या बटन दाबलं. दिवा हिरवा हुता. म्हनलं, कळलं त्यास्नी. शेजारचा चिमाजी टेम्पो घिऊन दारात आला, म्हनला, काकी, चला. म्याच न्हाई म्हनलं. डाक्टरची गाडी निघाली आसंल, वाटंत चुकामूक व्हायची. हे सारखं इचारायचे, आली का? म्या म्हनायची, यील, दिवा हाय की. दिस मावळताना इचारायचे थांबले."

त्यांनी मायाचा हात धरला. "बाय, तू शिकल्याली हायेस. खरं सांग. म्या बटन नीट दाबलं न्हवतं का गं?"

मायाच्या मांडीवर कागद होता. बटण दाबले गेले नाही, असं त्यात छापलेलं होतं.

"नसेल दाबलं गेलं, आजी," ती म्हणाली.

पारूबाईंनी मान हलवली. रडल्या नाहीत. "मंग माज्याच हातानं गेले," म्हणाल्या. अंगठ्याचा ठसा नीट उमटेना; तेव्हा मायानं तो दोन्ही हातांनी धरून कागदावर दाबला.

दुसऱ्या दिवशी सरांनी कागद उजेडात धरून पाहिला. "स्पष्ट आलाय," म्हणाले.

"बाकीच्या एकोणचाळीस पेट्या, सर?"

"दुरुस्तीला येतील तशा बदल."

मायानं एकोणचाळीस नवे बोर्ड, दिवा पुन्हा त्याच पिनला जोडून, फळीवर रचून ठेवले. दिवाळीपर्यंत एकच पेटी आली, तीही दिव्यासाठी नाही. तिचं झाकण तडकलं होतं.