बुवांच्या आवाजाचा पहारा

या, असे पुढं सरकून बसा. दाराशी बसलं की अर्धं लक्ष चपलांकडं राहतं, आणि ही गोष्ट अर्ध्या लक्षानं ऐकण्याजोगी नाही. एका आवाजाची गोष्ट सांगते. शेवट गोड नाही, ते आधीच सांगून ठेवते. गोड शेवटाची कीर्तनं खूप ऐकलीत तुम्ही. एक ही पण ऐका.

घणसोलीत आमच्या सोसायटीपासून तळवली गाव पायी पंधरा मिनिटांवर. तिथले किसनबुवा. शेतं शहरात गेली तेव्हा भाऊबंदांनी चाळी बांधल्या, दुकानं काढली. बुवांनी दोन खोल्या भाड्यानं दिल्या आणि उरलेलं आयुष्य कीर्तनाला दिलं. शाळा तिसरीपर्यंत. आवाज गोड नव्हता हो. जाड होता, थोडा खारट, खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यासारखा. पण त्यांनी अभंगाचं चरण धरलं की मागच्या रांगेतल्या पोरांचे मोबाइल न सांगता खिशात जायचे. चाली सगळ्या त्यांच्या आज्याच्या, पणज्याच्या. दुसऱ्या कुणाच्या तोंडी मी त्या कधी ऐकल्या नाहीत.

माझ्या समोरच्या दारात नंदकिशोर राहतात. मूळचे साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं इलेक्ट्रिशियन. त्यांनी चौदा वर्षं बुवांची कीर्तनं रेकॉर्ड केली. बुवांनी परवानगी दिली ती एका अटीवर. मी तिथंच होते.

“नंदू, भरून ठेव हवा तवरा,” बुवा म्हणाले. “पन कोनाला देऊ नको. कीर्तन समोर बसून आयकाचं असतं, खिशान घालून फिराचं नसतं.”

नंदकिशोरांनी शब्द पाळला. यूट्यूब नाही, व्हॉट्सअॅप नाही, कुणाला एक पेन ड्राइव्ह नाही. एकशे शहाऐंशी कीर्तनं त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये, आणि त्यांचीच दुसरी प्रत बाहेरच्या एका हार्ड डिस्कवर. त्यांची बायको वैशाली म्हणायची, “या घरात माणसाला पंखा नाही मिळत, त्या डब्याला एसी.”

मग बुवांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. जीव राहिला. गळ्याला एक भोक, त्यावर पांढरं फडकं, हातात पाटी. आणि त्या एकशे शहाऐंशी कीर्तनांचं मोल एका दिवसात बदललं. कारण बुवांची नात भाविका, ऐरोलीला नोकरी करणारी, बावीस वर्षांची, तिला कीर्तनाला उभं राहायचं होतं. आजोबा शिकवणार कसे? शब्द पाटीवर लिहिता येतात, चाल पाटीवर लिहिता येत नाही. म्हणून ती दर रविवारी नंदकिशोरांकडे यायची, बुवांना घेऊन. आवाज डब्यातून, आणि बुवा शेजारी बसून हातानं ताल दाखवायचे, चुकली की तिच्या मनगटावर टिचकी मारायचे. वर्षात अकरा कीर्तनं तिच्या गळ्यात बसली. राहिली होती एकशे पंच्याहत्तर.

आता तो डबा. दहा वर्षांचा. पडद्यावर रोज एक पाटी यायची, की या विंडोजला यापुढं दुरुस्त्या मिळणार नाहीत. नंदकिशोर घाबरले. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर संघमित्रा राहते, वाशीला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे तिचं. तिला बोलावलं. मी होते, आमच्या उत्सव समितीचे हौसेराव होते.

“काका, नवीन विंडोज या मशीनवर बसत नाही,” ती म्हणाली. “एक तर मशीन नवं घ्या, नाहीतर याच्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकू. फुकट आहे, चांगलं आहे.”

“फुकटातलं चांगलं कसं असेल?” हौसेराव.

“कीर्तन काय तिकीट काढून ऐकता?”

नंदकिशोरांनी विचारलं, “ते टाकताना आतलं पुसतं ना?”

“पुसतं. म्हणून आधी अजून एक प्रत काढू.”

“आणि प्रत काढताना काय झालं तर?”

“काही होत नाही, काका.”

“बुवांच्या डॉक्टरांनीपण हेच सांगितलं होतं.”

वैशालीनं चहा आणला. महिनाभर हेच चाललं. नंदकिशोर रोज वहीत लिहायचे, लिनक्सचे फायदे, तोटे, कुठलं घ्यायचं, कुठलं सोपं. रोज खोडायचे. मशीन नवं घेतलं तरी आवाज एकदा इकडून तिकडं न्यावा लागणार, आणि त्या नेण्याचीच त्यांना भीती. शेवटी ठरलं की एवढ्यात विंडोज तीच ठेवायची, वर चांगला अँटिव्हायरस बसवायचा. तोही फुकटाचा नको, विकतचा, तीन वर्षांचा.

संघमित्रा म्हणाली, “अँटिव्हायरस म्हणजे वॉचमन. तुमची मागची भिंत पडलीय आणि तुम्ही गेटवर वॉचमन ठेवताय. ठेवा. पण दोन गोष्टी पाळा. तो टाकला की मशीन एकदा बंद करून चालू करायचं, तोवर तो कामाला लागत नाही. आणि बाहेरची डिस्क काढून कपाटात ठेवायची. जोडून ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे.”

“सप्ताह होऊ दे,” नंदकिशोर म्हणाले. “मग लिनक्सपण टाकू. शब्द देतो.”

तो सप्ताह माझी कल्पना. इथं मला लपवायचं नाही काही. बुवांचा आवाज जाऊन वर्ष होत होतं. बुवांनी पाटीवर लिहिलं होतं, “आवाजाचं वर्षश्राद्ध.” आणि हसले होते, बिनआवाजाचे. मला ते सोसेना. मी म्हटलं, श्राद्ध कसलं, सप्ताह करू. सात दिवस अखंड बुवांचं कीर्तन लावायचं नंदकिशोरांच्या हॉलमध्ये. नामसप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, तसा आवाज खंडू द्यायचा नाही. दोन-दोन तासांचा पहारा लावू. सातव्या दिवशी काल्याचं कीर्तन भाविका करील. देवळातून सतरंज्या आणल्या, पहाऱ्याची यादी लिफ्टजवळ लावली. लोकांनी भराभरा नावं दिली. मला किती आनंद झाला होता म्हणून सांगू.

पहिल्या दिवशी सकाळी संघमित्रा अँटिव्हायरस टाकून दुकानात गेली. जाताना म्हणाली, “पाच मिनिटांत संपेल, मग रीस्टार्ट मारा.” पाच मिनिटांची पंचवीस झाली. संकल्पाची वेळ नऊची. बुवा येऊन बसले होते, नारळ फुटला होता. नंदकिशोर घड्याळाकडे बघत होते.

“वहिनी, काय करू?”

“वेळ टळते, भाऊ,” मी म्हटलं. “आधी आवाज सुरू करा. ते काय, मागाहून होईल.”

आवाज सुरू झाला, बाहेरच्या डिस्कवरून. ती काढून कपाटात ठेवली तर दुसरीकडून लावावं लागेल, क्रम पुन्हा जुळवावा लागेल, म्हणून ती जोडलेलीच राहिली. आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन उगवला. संरक्षण पूर्ण करण्यासाठी संगणक पुन्हा सुरू करा. खाली दोन बटणं: आता, नंतर. आता दाबलं तर आवाज खंडतो, संकल्प मोडतो. मग यादीच्या खाली नंदकिशोरांनी लाल पेनानं लिहिलं, “चौकोन आल्यास ‘नंतर’ दाबणे.” पहाऱ्याला आलेल्या प्रत्येकाला आम्ही बजावून सांगत होतो. अख्ख्या सोसायटीनं भक्तिभावानं ‘नंतर’ दाबलं हो. देवाला फूल वाहावं तसं.

चौथा दिवस. दुपारी पहारा माझा. बुवा खुर्चीत, डोळे मिटून. हौसेराव आले, हातात पेन ड्राइव्ह. काल्याच्या बॅनरचं डिझाइन. फ्लेक्स छापणाऱ्यानं दिलेलं.

“वहिनी, मोठ्या पडद्यावर बघू. बुवांचा फोटो नीट आलाय का. कोपऱ्यात माझा पण आहे, लहानसा.”

“लहानसा म्हणजे बुवांएवढा?”

“बुवांपेक्षा जरा कमी,” ते म्हणाले.

त्यांनी पेन ड्राइव्ह लावला. बुवांच्या नावाची फाइल होती, फोटोचं चित्रही होतं वर. दाबलं, उघडेना. पुन्हा दाबलं. “खराब दिलीय फ्लेक्सवाल्यानं,” म्हणाले, आणि पेन ड्राइव्ह काढून गेले. आवाज चालूच होता. थोड्या वेळानं चौकोन आला, मी ‘नंतर’ दाबलं.

मग बघते तर फायलींची चित्रं पांढरी पडत होती. एक, मग दुसरी, मग पाच. नावांना शेपट्या फुटत होत्या, कसली तरी अक्षरं. मी नंदकिशोरांना हाक मारली. त्यांनी बघितलं आणि संघमित्राला फोन लावला, स्पीकरवर.

“काका, वायर खेचा,” ती म्हणाली. “मेन बंद करा. आत्ता. काही विचारू नका.”

नंदकिशोर भिंतीच्या स्विचकडे गेले. बोट ठेवलं. आणि त्याच वेळी बुवांनी डोळे उघडले. कीर्तन उत्तररंगात आलं होतं, कथा ऐन जागी होती. बुवांना काय ठाऊक आत काय चाललंय? त्यांना एवढंच दिसलं की चालत्या कीर्तनात कुणीतरी हात घालतोय. त्यांनी पंजा वर केला. कीर्तनाला उभे असताना गलका झाला की करायचे ना, तसा. थांब.

नंदकिशोरांचं बोट स्विचवरून खाली आलं.

“काका, बंद केलं का?”

“वीस मिनिटं राहिलीत,” नंदकिशोर हळू म्हणाले. “कीर्तन चालू आहे. संपलं की लगेच बंद करतो.”

“काका, वीस मिनिटांत काही उरणार नाही.”

“मधेच उठायचं नसतं, बाळा.”

मी तिथंच होते. मी पुढं होऊन स्विच बंद करू शकत होते. मी हात जोडून उभी राहिले. बुवांसमोर बुवांचा आवाज तोडायचा, ते माझ्या हातून झालं नाही. वीस मिनिटं आम्ही दोघं पडद्याकडे न बघता ऐकत उभे होतो. गजर झाला, शेवटचा टाळ वाजला, आणि पुढचं कीर्तन लागलंच नाही. नंदकिशोरांनी स्विच बंद केला. बुवांनी पाटी ओढली, लिहिलं, “का बंद?”

संघमित्रा दुकान टाकून आली. डबा तिनं नेला, डिस्कही नेली. दोन दिवस ती आणि तिच्या ओळखीचे दोघं बसले. पेन ड्राइव्हमधून शिरलेल्या व्हायरसनं सगळ्या फायलींना घातलेली कुलपं, आणि किल्लीसाठी परक्या पैशात खंडणी मागणारी इंग्रजी चिठ्ठी. नंदकिशोर तयार झाले, फंडातले काढतो म्हणाले. संघमित्रानं चिठ्ठीतल्या पत्त्यावर विचारून पाहिलं. पलीकडून उत्तरच आलं नाही. पोलिसांत तक्रार दिली. त्यांनी लिहून घेतली.

“एक वाचलंय,” संघमित्रा म्हणाली. “वाजत होतं ते. चालू फाइलला व्हायरसला हात लावता आला नाही.” मग म्हणाली, “काका, तुम्ही फोन केला तेव्हा निम्मी तरी शिल्लक असतील.”

त्या दिवसापासून नंदकिशोरांनी तिच्या नजरेला नजर दिलेली मी पाहिली नाही.

भाविकाला मीच सांगितलं. ती कामावरून परस्पर आली होती, गळ्यात ऑफिसचं कार्ड.

“वाचलं ते कुठलं, काकू?”

मी सांगितलं.

“ते मना येतं,” ती म्हणाली. तिच्या अकरांतलंच होतं ते. बराच वेळ ती कार्डाची दोरी बोटाला गुंडाळत बसली. “आज्याला कलतं का, काय गेलं ते?”

“कळतं.”

“मग मना टिचकी मारील कोन आता? तो चूक आयकंल, पन बरोबर कसं ते सांगंल कशानं?”

सातव्या दिवशी काला झालाच. हंडी बांधली, लाह्या-पोहे कालवले. भाविका पदर खोचून उभी राहिली आणि येत होतं त्यातलं एक कीर्तन तिनं केलं. चांगलं केलं. बायका डोळे पुसत होत्या. मध्ये लोकांनी आग्रह केला, आजोबांचं ते दुसरं म्हण, गोकुळाचं. तिनं बुवांकडे बघितलं. बुवांचे ओठ हलले. सगळी चाल त्यांच्या ओठांवर होती, मला दिसत होती, मान वर कुठं जाते, श्वास कुठं घेतात. भाविका पुढं वाकून बघत राहिली. सभा थांबली. मग तिनं टीव्हीवर ऐकलेल्या एका चालीत ते शब्द म्हटले. लोकांनी टाळ्या धरल्या. बुवांनी मान खाली घातली, आणि कीर्तन संपेपर्यंत वर केली नाही.

त्या रविवारपासून ते दोघं आले नाहीत. येऊन करायचं काय? संघमित्रानं डबा साफ करून त्यावर लिनक्स टाकून दिलं. सुरेख चालतं. व्हायरसची भीती नाही, चौकोन येत नाही, कोणी काही मागत नाही. नंदकिशोर दिवसातून एकदा चालू करतात, रिकाम्या पडद्याकडे बघतात, बंद करतात. वैशाली आता टोमणे मारत नाही.

माघात बुवा गेले. भाविका अजून उभी राहते कधीमधी, अकरांतलं एखादं करते. लोक म्हणतात छान, पण तेच तेच. हळूहळू बोलावणं कमी होतंय. मी देवापुढं बसते तेव्हा विचारते, तूच ना रे आवाज दिला होतास? तो काही बोलत नाही. पूर्वी मला त्याचं न बोलणं कळायचं. आता कळत नाही.

एवढंच. तुम्ही बुवांना ऐकलेलं नाही, आणि आता ऐकायला मिळणार नाही. मला त्या चाली येत नाहीत, आल्या असत्या तर आत्ता म्हणून दाखवल्या असत्या. नुसतं नाव देते. किसनबुवा, गाव तळवली. दिव्याला हात जोडाल तेव्हा एकदा ते नाव घ्या.